तोंडात पाणी घालू नका!

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

हे एक वाक्य जबलपूरच्या तिलवारा घाटावर मी मराठीत, हिंदीत, मोडक्यातोडक्या बुंदेलीत, हात जोडून, शिट्टी फुंकून आणि प्रसंगी किंचाळून सांगत आले आहे. उपयोग शून्य. घाटावर कुणी भोवळ येऊन पडलं की पहिला माणूस धावतो तो तांब्या भरून घेऊन. दुसरा त्याला वाट करून देतो, तिसरा मोबाइल काढून शूटिंग सुरू करतो आणि मी धापा टाकत पोचते तोवर पडलेल्याच्या नाकातोंडात नर्मदा गेलेली असते. शुद्धीत नसलेल्या माणसाला गिळता येत नाही. पाणी अन्ननलिकेत न जाता श्वासनलिकेत जातं आणि साधी चक्कर आलेल्या माणसाचा जीव कोरड्या पायरीवर गुदमरतो. हे समजायला डॉक्टर व्हावं लागत नाही. पण समजावणाऱ्याची चिडचिड होऊन होऊन त्याला डॉक्टर लागतो, हे मात्र खरं.

संपादकांनी मला 'सेवेतला आनंद' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. आनंदाचं नंतर बघू.

मी जबलपूरची. वडील इथल्या संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते, नवराही तिथंच होता, मीही स्टोअरमध्ये नोकरी केली. फॅक्टरीत प्रत्येक विभागातल्या काही जणांना प्रथमोपचार शिकावा लागतो. आमच्या विभागातल्या पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. अशी माझी निवड झाली. शिकले, आणि गंमत म्हणजे आवडलं. निवृत्तीनंतर कांचघर मोहल्ल्यातल्या घरात बसून मालिका बघण्यात मन रमेना, तेव्हा दुबेजी भेटले. दुबेजी रेल्वेतले निवृत्त गार्ड. त्यांनी चार-पाच रिकामटेकड्या म्हाताऱ्यांना गोळा करून घाटावर प्रथमोपचाराचं पथक काढलं होतं. त्यात एकही बाई नव्हती, आणि घाटावर पडणाऱ्यांत बायाच जास्त. ओल्या साडीतल्या बाईला परक्या पुरुषानं हात लावायचा कसा, या विचारात हे सगळे दूर उभे राहून नुसतेच 'हवा आने दो, हवा आने दो' म्हणायचे.

"दीदी, आप आ जाओ तो हमारी जान छूटे," दुबेजी म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी आणि सणावारी मी स्कूटरवरून तिलवाऱ्याला जाते.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर सोपं आहे. नारिंगी जाकीट घालायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची आणि घाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचं. वरच्या धरणातून पाणी सोडलं की प्रवाह एकदम वाढतो, म्हणून पाण्यात दोर बांधलेला असतो. त्याच्या पलीकडे कुणी गेलं की शिट्टी. शेवाळाच्या पायरीवर कुणी फोटो काढू लागलं की शिट्टी. पत्र्याच्या एका शेडमध्ये आमचं स्ट्रेचर, कांबळी, पट्ट्या, लाकडी फळ्या, मीठ-साखरेची पाकिटं आणि ग्लुकोज असतं. कुणी पडला तर त्याला आणखी इजा होऊ न देता दवाखान्याच्या गाडीत चढवायचं, एवढीच आमची हद्द. आम्ही औषध देत नाही. हेही कुणाला पटत नाही.

"दीदी, गैस की गोली है?"

"नाही. नहीं है."

"तो फिर काहे को बैठे हो?"

एक गृहस्थ तर दर रविवारी रक्तदाब मोजायला येत. शेडमध्ये यंत्र आहे, ते आम्हाला पडलेल्या माणसासाठी लागतं. पण नाही म्हटलं की ते तिथंच बसून राहत. मोजला की आकडा त्यांना पसंत पडत नसे. "इतना कैसे हो सकता है? घर की मशीन में कम आता है. एक बार और लगाओ." पुन्हा लावला की वाढायचा, कारण तोवर ते भांडून लाल झालेले असायचे. मग मलाच म्हणायचे, की तुमच्या आवाजानं वाढतो.

आणि घाटावरचे घरगुती वैद्य! पणतीनं पदर पेटून भाजलेल्या बाईच्या हातावर मी पोचायच्या आत टूथपेस्ट फासलेली असते. मग दवाखान्यात ती खरवडून काढताना त्या बाईची कातडी निघते. मिरगीचा झटका आलेल्या मुलीच्या नाकाला एकानं स्वतःची चप्पल लावली होती. मी ती हिसकावली तर तो मलाच दरडावू लागला, "अरे, जूता ही तो काम करता है!" झटका आपोआप थांबतो हो. जोड्यानं नाही, कांद्यानं नाही. पण तो थांबला आणि श्रेय चपलेला मिळालं. मी कपाळावर हात मारून घेतला. दुबेजी अशा वेळी शांतपणे सुपारी कातरत बसतात. "बड्डे, रेल में भी यही था," म्हणतात; 'बड्डे' म्हणजे जबलपूरचं 'अरे भाई'. त्यांच्या शांतपणाचाही मला राग येतो.

तरी या सगळ्यांत पाण्याचा तांब्या वेगळा. टूथपेस्ट लावणाऱ्याला चार शब्द सुनावता येतात. नर्मदेचं पाणी घेऊन आलेल्याला काय सुनावणार? इथं ती नदी नाही, मैया आहे. आजारी माणसाला तिचं पाणी देतात ते बरं वाटावं म्हणून, आणि जाणाऱ्याला देतात ते वाट सुकर व्हावी म्हणून. तांब्या घेऊन धावणाऱ्याच्या मनात यातलं नेमकं काय आहे, ते त्यालाही ठाऊक नसतं. आणि त्याला अडवणारी बाई लोकांच्या नजरेत कोण ठरते, ते मी गेल्या संक्रांतीला पुरेपूर अनुभवलं.

माझी मुलगी रश्मी नेपियर टाउनमध्ये राहते. जावई अभिजित नागपूरचा, बँकेत आहे, बदली होऊन जबलपूरला आला. मुलगा गुणी आहे. लग्नाआधीपासून ओळख असल्यामुळे मला 'काकू' म्हणतो. संक्रांतीच्या स्नानाला त्याच्या आई कुमुदताई नागपूरहून मुद्दाम आल्या होत्या. माझ्या विहीणबाई. विहिणीविहिणींचं जसं असतं तसंच आमचं, म्हणजे बोलायला गोड आणि ऐकायला जपून.

कुमुदताईंना मधुमेह आहे. आदल्या दिवशी रश्मीकडे जेवताना मी सांगितलं, "विहीणबाई, उद्या सकाळी काहीतरी खाऊन या हो घाटावर."

"काहून? स्नान झाल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही."

"मग गोळी तरी घेऊ नका. गोळी घ्यायची आणि उपाशी राहायचं, हे उलटतं."

"गोळी तर डॉक्टरनं रोज घ्यायला सांगितली आहे. रोज म्हणजे रोज." त्यांनी माझ्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. विषय संपला.

आता हे वाचून तुम्ही म्हणाल, काय हट्टी बाई! पण मी पैजेवर सांगते, तुमच्याही घरात अशी एक व्यक्ती आहे. उपास म्हणून ती जेवत नाही आणि शिस्त म्हणून गोळी चुकवत नाही. दोन्ही गोष्टी चांगल्या, म्हणून दोन्ही एकाच सकाळी करते. एकादशीला, नवरात्रात, संक्रांतीला आमच्या शेडमध्ये येणाऱ्या निम्म्या बाया याच पंथातल्या असतात.

संक्रांतीला तिलवाऱ्याला मोठी जत्रा भरते. तिळाचे लाडू, पतंग, पाळणे, आणि रस्त्यावर वाटेल तशा लावलेल्या गाड्या. त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. मी घाटाच्या वरच्या अंगाला एका घसरून पडलेल्या मुलाच्या मनगटाला फळी बांधत होते. कुमुदताईंनी खाली स्नान केलं, साडी बदलली आणि मग फुलवालीशी भांडण काढलं. आवाज माझ्यापर्यंत येत होता. अभिजितला वाटलं, आईचं नेहमीचंच. तो नंतर सांगत होता की आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि तिला दरदरून घाम आला होता. पुढच्या क्षणी त्या पायरीवर कोसळल्या.

दुबेजींची शिट्टी वाजली. मी धावले. माझ्या वयात त्या पायऱ्या धावत उतरणं म्हणजे मीच पेशंट व्हायचं लक्षण, पण धावले. खाली पोचले तर बायांनी कुमुदताईंभोवती साड्यांचा आडोसा धरलेला, वाऱ्याला आत यायला फट नाही. आत अभिजित गुडघे टेकून बसलेला. एका हातानं आईची मान वर धरलेली, दुसऱ्या हातात तांब्या. भोवती एकच गजर चाललेला, "मैया का जल पिला दो! मुँह में डाल दो, भैया!"

"अभिजित, थांब! पाणी घालू नको!"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरलेले होते. "काकू, आईनं माझ्याकडून वचन घेतलंय. शेवटी नर्मदेचं पाणी तूच घालशील म्हणून. ती जाऊन राहिली आहे काकू, बघा ना!"

आणि त्यानं तांब्या ओठांना लावला.

मी त्याच्या हातावर फटका मारला. जोरात मारला. तांब्या पायऱ्यांवरून खणखणत खाली गेला आणि पाण्यात पडला. भोवतालचा गजर एकदम थांबला. सासूनं जावयावर भर जत्रेत हात उगारला होता. आमच्याकडे जावयाला आधी पाट मांडतात हो.

पण मला तेव्हा पाटाचं सुचत नव्हतं. कुमुदताईंना कुशीवर वळवलं, हनुवटी जरा वर केली, श्वास बघितला. चालू होता. कपाळाला हात लावला. थंडगार आणि चिकट. एवढ्या थंडीत घाम.

"सकाळी गोळी घेतली?"

"घेतली."

"खाल्लं काही?"

अभिजितनं नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, साखर उतरली आहे. नव्याण्णव टक्के तेच. पण उरलेल्या एका टक्क्यात काय काय असू शकतं, तेही मी फॅक्टरीत शिकले होते. हृदय असू शकतं, मेंदूतला रक्तस्राव असू शकतो. तिथं माझ्याकडे साखर मोजायचं यंत्र नव्हतं. ते वर शेडमध्ये राहिलं होतं आणि एक स्वयंसेवक ते आणायला गर्दीतून वाट काढत होता. दवाखान्याची गाडी कुठवर आली असं विचारलं तर दुबेजी म्हणाले, रस्त्यावर आडव्या लावलेल्या गाड्यांच्या मागे अडकली आहे.

अशा वेळी, माणूस कुशीवर असताना, ग्लुकोजची पूड बोटाला किंचित ओली करून खालच्या गालाच्या आतून चोळतात. थोडी, म्हणजे ओघळली तर बाहेर यावी इतकीच. हे वाचून घरी प्रयोग करू नका, शिकून घ्या. जाकिटाच्या खिशातलं पाकीट फोडून मी चोळू लागले, तर मागून एक बाई कडाडली, "जल नहीं देने देती, और खुद पाउडर खिला रही है!"

अभिजितनंही हळूच विचारलं, "ते चालतं, काकू? आणि नर्मदेचं पाणी नाही चालत?"

मी थांबले नाही. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. पण त्या क्षणी मलाच शंका आली. या बाई खरंच जात असतील तर? मग त्यांनी आयुष्यभर मागितलेली एकच गोष्ट मी त्यांच्या ओठांवरून उडवून दिली होती. त्यांच्या मुलाच्या हातून, त्याच्या डोळ्यांदेखत. माझी रश्मी त्या घरात जन्मभर कोण म्हणून राहील? जिच्या आईनं सासूला शेवटचा घोट मिळू दिला नाही, ती. मी गाल चोळत होते आणि मनात सारखी म्हणत होते, विहीणबाई, उठा हो. शिव्या द्या, पण उठा.

त्या उठल्या. आधी पापणी हलली, मग बोटं. मग जीभ गालाकडे वळली. मी हाक मारली तर हुंकार आला. गिळता येतंय अशी खात्री झाल्यावर ग्लुकोजचं पाणी चमच्यानं दिलं. थोड्या वेळानं कुमुदताईंनी डोळे नीट उघडले, पदर सावरला आणि भोवती बघून म्हणाल्या, "काहून गर्दी करून राहिले सगळे?"

घाटावर "नर्मदे हर!"चा जयघोष झाला. मघाशी कडाडलेली बाई डोळे पुसत म्हणाली, "देखा? मैया ने बचा लिया." मी शिट्टी तोंडात धरली ती केवळ काही बोलू नये म्हणून.

कुमुदताई दवाखान्यातून घरी आल्या, ठणठणीत झाल्या. पण अभिजित माझ्याशी बोलेनासा झाला. उद्धटपणा नाही, फक्त 'या', 'बसा' आणि मग मोबाइलमध्ये डोकं. त्यात कुणीतरी घाटावरचा व्हिडिओ पसरवला होता. त्यात पुढचं काही नव्हतं, फक्त माझा फटका आणि घरंगळणारा तांब्या. खाली लिहिलं होतं, 'सास ने दामाद को पीटा'. नागपूरच्या समस्त नातेवाइकांनी तो पाहिला. रश्मी फोनवर रडकुंडीला येऊन म्हणाली, "मम्मी, तू बरोबर होतीस, पता है मला. पण थोडं हळू नव्हतं का मारता येत?"

हळू! तांब्या ओठांना लागलेला असताना! जिवाचा असा संताप झाला की दोन रविवार मी घाटावर गेलेच नाही. जाऊ दे, म्हटलं. घाला काय घालायचं ते.

तिसऱ्या रविवारी कुमुदताईंचाच निरोप आला, भेटून जा. नेपियर टाउनला गेले. त्या पलंगावर ताठ बसल्या होत्या. रश्मी चहा टाकायला आत गेली. अभिजित दारापाशी उभा होता, कधीही निघून जाता येईल असा.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "तुम्ही मला पाणी नाही घालू दिलं?"

"नाही."

"माझी इच्छा याला माहीत होती. यानं तुम्हाला सांगितली. तरी नाही?"

"तरी नाही." माझा आवाज चढला. चढणारच. "तुम्ही मरत नव्हता. तुम्ही उपाशी होता."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, संपलं, आता रश्मीचं काही खरं नाही. मग त्यांनी अभिजितला हाक मारून जवळ बसवलं.

"हे बघ. माझं वचन कायम आहे. पाणी तूच घालायचं, नर्मदेचंच घालायचं. पण माझी वेळ आली की नाही, हे तू नाही ठरवायचं. तू घाबरतोस." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या ठरवतील. ह्या येतील, बघतील, आणि ह्यांनी 'घाल' म्हटलं की घाल. ह्यांनी म्हटल्याशिवाय एक थेंब नाही."

लोकांच्या हातातलं पाणी अडवणं एवढंच मी शिकले होते. कुणाच्या तरी बाबतीत, एक दिवस, 'आता घाल' म्हणायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ते नको होतं. तोंडावर आलं होतं की विहीणबाई, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

तेवढ्यात अभिजितनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. "काकू," तो म्हणाला, "याल ना?"

"येईन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या रविवारी घाटावर गेले आणि पहिल्या तासाभरातच एकाच्या हातातून लोटा काढून घेतला. तो मला वाटेल ते बोलला. चालायचंच.

परवा माझ्या बहिणीकडे पुण्याला जायचं ठरलं, चांगलं महिनाभर. कुमुदताई आता मुलाकडेच असतात. त्यांना सांगायला गेले, तर त्यांनी माझ्याकडे पाहून क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "जा खुशाल. तुम्ही परत येईपर्यंत मी काही मरत नाही."

मी तिथंच बसून परतीची तारीख आठ दिवसांवर आणली.